भिंतीतला जिना कुठे जातो? (इंग्लंडमधली मध्ययुगीन गावचर्चेस)

रानजाई

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी आम्ही इंग्लंडात सफोकमध्ये राहायला आलो. सडबरीपासून थोडं आत, साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. दुकान नाही, एक पब आहे आणि एक चर्च. ते चर्च एवढं मोठं की अख्खं गाव आत बसलं तरी निम्मं रिकामं राहील. दिवसभर दार उघडं असतं, आत बहुतेक वेळा कुणी नसतं. फिरायला गेलो आणि पाऊस आला की मी आणि माझा आठ वर्षांचा लेक तिथेच आसरा घेतो.

मागच्या आठवड्यात त्याने मला एक दार दाखवलं. लोक बसतात तो लांब भाग संपून वेदीचा भाग सुरू होतो, तिथे डावीकडच्या भिंतीत एक अरुंद दार आहे. आत दगडी गोल जिना. वर भिंतीतच, जमिनीपासून साडेतीन-चार मीटरवर, दुसरं दार. त्या दारापुढे काहीच नाही! पाऊल टाकलं तर सरळ खाली फरशीवर. लेक विचारतो, "आई, हा जिना कुठे जातो?" मला सांगता येईना. फुलं सजवायला आलेल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, मी लहान होते तेव्हापासून असाच आहे.

आणखीही प्रश्न आहेत. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला? वेदीचा भाग बुटका आणि जुनाट, पण लोकांचा भाग उंच आणि उजेडाचा, असं का? खिडक्याही एकसारख्या नाहीत. एकीकडे साध्या टोकदार फटी, दुसरीकडे भिंतभर काच. जाणकारांनी सांगावं.

टिटवी

नॉर्फोकमध्ये मीही असं अधांतरी दार पाहिलंय. दिवे लावायला कुणी चढत असेल असं वाटलं होतं. उत्तराची वाट पाहते.

कातळ

रानजाई, तुमच्या लेकाने नेमकी जागा हेरली आहे. मी जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो, त्यामुळे असे जिने पुष्कळ चढलो आहे.

आधी आराखडा समजून घेऊ. चर्च साधारण पूर्व-पश्चिम बांधलेलं असतं. पूर्वेच्या टोकाला वेदी. तो भाग चॅन्सेल, पाद्र्याचा. पश्चिमेकडचा लांब भाग नेव्ह, लोकांचा. या दोहोंमध्ये मध्ययुगात एक नक्षीदार लाकडी जाळी असायची. खालच्या फळ्यांवर संतांची चित्रं, वरच्या भागातून पलीकडचं दिसेल अशी कमानदार चौकट. या जाळीच्या डोक्यावर एक सज्जा असे, आणि त्याच्याही वर क्रुसावरचा ख्रिस्त, एका बाजूला त्याची आई मेरी, दुसऱ्या बाजूला शिष्य योहान. या क्रुसाला जुन्या इंग्रजीत 'रूड' म्हणत. म्हणून ती रूड स्क्रीन आणि तो सज्जा म्हणजे रूड लॉफ्ट. सज्ज्यावर मेणबत्त्या लावायच्या, सणावाराला काही ठिकाणी वर उभं राहून गायचं. तिथे पोहोचायला तुमचा जिना. टिटवी, दिव्यांचा तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे.

मग धर्मसुधारणा आली, म्हणजे इंग्लंडचं चर्च पोपपासून फुटून प्रोटेस्टंट झालं. सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४७ नंतर, मूर्ती आणि रूड काढून टाकले गेले. मधे कॅथलिक मेरी राणीच्या काळात काही परत बसवले. १५६१ साली एलिझाबेथच्या हुकुमाने सज्जे उतरवायला लावले, खालची जाळी ठेवायला मात्र परवानगी होती. लाकूड उतरवणं सोपं. भिंतीच्या जाडीत बांधलेला दगडी जिना काढायचा तर भिंतच खणावी लागणार. तो खर्च कोण करणार? कुणी दारं चिणली, कुणी तशीच सोडली.

तेव्हा लेकाला सांगा, जिना जिथे जात होता ती जागा गेली. सज्ज्यासकट पूर्ण पाहायचं असेल तर नॉर्फोकमध्ये ॲटलबरोला जा, नाहीतर हेरफर्डशरमधल्या सेंट मार्गरेट्स या चिमुकल्या गावी. तिथे सज्जा अजून जागेवर आहे.

रानजाई

कातळदादा, अंगावर काटा आला. लेकाला वाचून दाखवलं. त्याचा पुढचा प्रश्न: "मग तो क्रूस कुठे ठेवला?"

कातळ

बहुतेक जाळले. मुलाला हळू सांगा.

भटक्या

एवढं मोठं चर्च कशाला, याचं उत्तर एका शब्दात: मेंढी!

सफोकमध्ये आहात तर लॅव्हनम तुमच्या दारातच आहे, या रविवारीच जा. लोकरीच्या कापडावर ते गाव इतकं श्रीमंत झालं होतं की १५२४ च्या करआकारणीत इंग्लंडमधल्या सगळ्या गावाशहरांत त्याचा क्रमांक चौदावा लागला. गाव, बरं का, शहर नाही. तिथल्या चर्चचा मनोरा ४३ मीटर उंच आहे. पैसा प्रामुख्याने दोघांचा. एक जॉन डी व्हेर, ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल. १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत तो सातव्या हेन्रीच्या बाजूने लढला होता. दुसरा थॉमस स्प्रिंग, कापडाचा व्यापारी. १५२३ मध्ये वारताना त्याने मनोरा पुरा करायला २०० पौंड ठेवले. भिंतींवर अर्लचा तारा आणि रानडुक्कर कोरलेले आहेत, आणि स्प्रिंगच्या घराण्याची चिन्हंही. सरदाराच्या बरोबरीने व्यापाऱ्याची खूण दगडात, हे मला फार मोलाचं वाटतं.

कॉट्सवोल्डमध्ये नॉर्थलीचला तर फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या आकृत्या आहेत. पायाखाली काय? मेंढी आणि लोकरीचं पोतं. आपलं धन कुठून आलं हे त्यांनी देवाच्या दारात लपवलं नाही.

आबा_सातारकर

भटक्या, तुझं बरोबर आहे, पण चित्र एका बाजूचं झालं. लोकर होती म्हणून पैसा होता. तो पैसा चर्चवरच का लावला? इटलीत त्याच काळात व्यापारी वाडे बांधत होते.

त्या लोकांची श्रद्धा अशी होती की मेल्यावर आत्मा शुद्धीसाठी यातना भोगतो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्या यातना कमी होतात. म्हणून माणूस खिडकीसाठी पैसे द्यायचा, खाली नाव घालायचा आणि वाचणाऱ्याला विनवायचा की माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना कर. ऐपतदार माणूस एका पाद्र्याला कायमचं वेतन लावून वेगळी छोटी वेदी बांधायचा. १५४७ च्या कायद्याने हे सगळं बंद झालं. त्यानंतर गावोगावी नवी चर्चेस बांधणं जवळजवळ थांबलं. लोकर तेव्हाही होतीच की!

दुसरं म्हणजे, सगळं काही धनिकांनीच केलं असं नाही. चर्चवॉर्डन म्हणजे गावाने निवडलेले कारभारी. त्यांच्या हिशेबाच्या वह्या कित्येक ठिकाणी टिकल्या आहेत. गावाने बिअर गाळायची, मेजवानी घालायची आणि आलेल्या पैशांतून छप्पर करायचं, अशी रीत होती. लिंकनशरमध्ये लाउथच्या चर्चचा निमुळता कळस १५०१ ते १५१५ असा चौदा वर्षं चालला. हिशेब पेन्सापर्यंत लिहिलेला आहे: ३०५ पौंड, ८ शिलिंग, ५ पेन्स. ५ पेन्ससुद्धा सोडले नाहीत. तो कळस आज ८७ मीटरच्या वर उभा आहे.

टिटवी

आबा, ५ पेन्सवाले कारभारी वाचून आमच्या गावच्या जत्रा कमिटीचे खजिनदार आठवले. असे लोक असतात म्हणून कामं पुरी होतात.

पिंपळपान

वाचताना सारखं वाटतंय, चॅन्सेल म्हणजे गाभारा आणि नेव्ह म्हणजे सभामंडप. बरोबर ना?

कातळ

समजायला सोपं जातं, पण तिथेच थांबलात तर चुकाल. आपल्याकडे शिखर गाभाऱ्यावर असतं, लांबून शिखर दिसलं की देव कुठे आहे ते कळतं. गावचर्चचा मनोरा बहुतेक वेळा पश्चिमेला, वेदीपासून सगळ्यात दूरच्या टोकाला असतो. तो घंटांसाठी आहे. आणि गाभारा अंधारा असतो, तर चॅन्सेलच्या पूर्वेच्या भिंतीत चर्चमधली सगळ्यात मोठी खिडकी असते. सकाळचं ऊन थेट वेदीवर यावं म्हणून.

रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र या दोन भागांतच आहे. तेराव्या शतकापासून इंग्लंडात अशी वहिवाट पडली की चॅन्सेलची डागडुजी दशमांशाचा (गावच्या उत्पन्नातल्या दहाव्या हिश्शाचा) धनी असलेल्या रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे पुष्कळदा दूरचा एखादा मठ. त्याला इथे खर्च करण्यात काय गोडी? गावकऱ्यांकडे मात्र लोकरीचा पैसा आला की ते आपला भाग पाडून नवा, उंच, प्रशस्त बांधायचे. म्हणून चौदाव्या शतकातलं बुटकं चॅन्सेल आणि त्याला चिकटलेलं पंधराव्या शतकातलं उंच नेव्ह. लॅव्हनमलाही अगदी तसंच आहे.

लोणारी

ही वहिवाट आजही जिवंत आहे, सांभाळून! इथे घर घेताना आमच्या वकिलाने 'चॅन्सेल रिपेअर'ची चौकशी करायला लावली होती. जुन्या दशमांशाच्या जमिनीबरोबर चॅन्सेल दुरुस्तीची जबाबदारीही पुढच्या मालकाकडे येऊ शकते. वॉरिकशरमध्ये ॲस्टन कॅन्टलो इथल्या शेतमालकांचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. ऑक्टोबर २०१३ पासून अशी जबाबदारी जमिनीच्या दप्तरात नोंदवलेली नसेल तर नंतर घर घेणाऱ्यावर सहसा लादता येत नाही. तरीही विचारून घ्यावं.

खिडकी

माझ्या नावाला जागून खिडक्यांवर लिहिते. मी रंगीत काचेचं काम शिकले आहे आणि सुट्टीत चर्चेस बघत हिंडते.

खिडकीवरून भिंतीचं वय कळतं. १८१७ साली थॉमस रिकमन यांनी इंग्लिश शैलींना जी नावं दिली तीच आजही चालतात. नॉर्मन शैलीत कमान अर्धगोल, भिंत जाड, खिडकी लहान. बाराव्या शतकाच्या अखेरीस कमानीला टोक आलं. त्या काळच्या उंच, अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या म्हणजे 'अर्ली इंग्लिश'. रानजाई, तुमच्या साध्या टोकदार फटी याच असणार, तेराव्या शतकातल्या.

मग कारागिरांच्या लक्षात आलं की दोन-तीन फटी शेजारी ठेवून वर एक गोल भोक पाडलं की मधली भिंत नुसती दगडी पट्टी होते. तिथून 'डेकोरेटेड' शैली. चौदाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या पट्ट्या अशा काही वळतात, की कुठे पानाची शीर, कुठे ज्योत. नागमोडी कमानीसुद्धा याच काळातल्या. चौथी 'पर्पेंडिक्युलर', म्हणजे उभ्या रेघांची. पट्ट्या खालून निघतात त्या थेट वरच्या कमानीला जाऊन भिडतात. खिडकी रुंद झाली, कमान चपटी झाली, बाजूच्या पडव्यांवर नेव्हच्या भिंतीत उंचावर खिडक्यांची आणखी एक रांग आली. तुमची भिंतभर काच ती हीच. ही शैली इंग्लंडबाहेर जवळजवळ नाहीच. मला चारींत ती सगळ्यात आवडते. दगडाने मागे सरून उजेडाला वाट दिली आहे.

आज आपण साधी काच बघतो, पण तेव्हा सगळीकडे रंग होता. तो कसा होता हे बघायचं तर ग्लॉस्टरशरमध्ये फेअरफर्डला जा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खिडक्या तिथे टिकल्या आहेत. मी तिथे सकाळी दहाला गेले आणि साडेचारला निघाले.

आबा_सातारकर

खिडकीताई, सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. चर्च एका काळात बांधून संपत नाही, त्यामुळे एकाच इमारतीत चारही शैली भेटतात. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर, नेव्हच्या छपराच्या जरा वर बघा. तिथे उलट्या व्हीसारखी दगडाची रेघ असेल तर ती जुन्या उतरत्या छपराची खूण. छप्पर गेलं, रेघ राहिली.

भटक्या

छप्पर म्हटल्यावर ब्लाइदबरो आलंच पाहिजे. सफोकच्या किनाऱ्याजवळ, दलदलीच्या काठावर एकटं उभं असलेलं प्रचंड चर्च. वर लाकडी छपराच्या मधोमध पंख पसरलेले देवदूत, रंग अजून दिसतात. १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग हा मूर्तिभंजक तिथे येऊन गेला, देवदूत मात्र वरच राहिले. पुढे त्यांच्या अंगात शिशाच्या गोळ्या सापडल्या. सगळ्यांना वाटायचं की त्याच्याच लोकांनी झाडल्या असणार. मग अठराव्या शतकातल्या हिशेबात खर्च सापडला: चर्चमधले डोमकावळे मारायला दारू आणि गोळ्या! बिचाऱ्या देवदूतांना कावळ्यांच्या वाटच्या गोळ्या लागल्या.

तिथलीच दुसरी गोष्ट. ४ ऑगस्ट १५७७ ला प्रार्थना चालू असताना वादळ झालं, मनोऱ्याचा कळस आत कोसळला, माणसं दगावली. लोक म्हणाले, काळा कुत्रा आला होता. उत्तरेच्या दारावरचे जळके ओरखडे त्याच्या नखांचे म्हणून दाखवतात. मी हात लावून आलोय.

कातळ

देवदूत-छपरांबद्दल थोडं, कारण त्यात सुतारांची खरी अक्कल आहे. नेव्ह रुंद, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचेल एवढी ओकची तुळई मिळणं अवघड. म्हणून भिंतीतून दोन्हीकडून आखूड तुळया आत काढायच्या, त्यांना खालून वाकडे टेकू द्यायचे, त्यांच्या टोकांवर उभे खांब चढवायचे आणि वरचा भार त्यांवर घ्यायचा. हे हॅमरबीम छप्पर. त्या आखूड तुळईचं टोक हवेत असतं, तिथे देवदूत कोरला की तो उडतोय असंच वाटतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर ह्यू हरलंडने १३९० च्या दशकात केलं, त्यानंतर ईस्ट ॲंग्लियात, म्हणजे नॉर्फोक-सफोकच्या बाजूला, गावोगावी ही छपरं झाली. केंब्रिजशरमधल्या मार्च गावी दुहेरी हॅमरबीम आहेत आणि १२० च्या आसपास देवदूत. मान दुखेपर्यंत बघावं.

ओक वापरायचे तो ओलाच. ओला असताना तासायला सोपा. सांध्यात लाकडी खुंट्या मारायच्या, पुढे लाकूड आळलं की सांधा आणखी घट्ट होतो.

टिटवी

ओल्या लाकडावरून: चेस्टरफील्डचा वाकडा कळस! ७० मीटरच्या आसपास उंच आणि पिळलेल्या कणकेसारखा वळलेला. गावातले लोक सांगतात, चर्चमध्ये एक खरोखरची कुमारी वधू आली तेव्हा कळसाने आश्चर्याने वळून पाहिलं, आणि दुसरी आली की तो सरळ होणार आहे.

कातळ

टिटवी, खरं कारण ओला ओक, आतून आडवे-तिरपे आधार अपुरे, आणि वर सुमारे ३२ टन शिसं. शिशाचं आच्छादन उन्हात एका अंगाने जास्त तापतं. टोक जवळजवळ तीन मीटर बाहेर झुकलं आहे, पण पडलेलं नाही. लाकडाचा लवचीकपणा!

पिंपळपान

नॉर्फोकमध्ये म्हणे गोल मनोरे आहेत? कोपऱ्यांना लागणारा घडीव दगड तिथे मिळत नाही म्हणून?

कातळ

पुस्तकी उत्तर तेच. नॉर्फोक-सफोकमध्ये बांधकामाचा दगड नाही, जमिनीत मिळते ती चकमकीची गार. तिचे ओबडधोबड गोळे चुन्यात बसवून भिंत उभी करायची. कोपऱ्यांना दगड हवा तर तो बार्नॅकसारख्या खाणींतून नाहीतर थेट फ्रान्समधल्या कां इथून नावेने आणायचा. असे गोल मनोरे इंग्लंडात १८० च्या आसपास आहेत, त्यांतले बहुतेक याच दोन परगण्यांत.

पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. याच चर्चेसच्या नेव्हला चार कोपरे आहेतच. ते जमले तर मनोऱ्याचे का जमू नयेत? नॉर्थ सीच्या पलीकडे जर्मनीच्या बाजूलाही गोल मनोरे आहेत. जाणं-येणं, व्यापार, बघून केलेली गोष्ट, याचाही वाटा असणार.

पुढे याच चकमकीचं त्यांनी सोनं केलं. गोळा फोडून काळा चकचकीत पृष्ठभाग बाहेर ठेवायचा आणि फिकट दगडात कोरलेल्या अक्षरांत, कमानींत बसवायचा. पाऊस पडून गेल्यावर अशी भिंत बघावी.

भटक्या

कातळ, दगड नावेने आणायचा तर खर्च वाढणारच, म्हणजे गोल मनोरा स्वस्त पडला हे तरी मान्य करा.

कातळ

स्वस्त पडला, मान्य. फक्त तेवढ्यासाठीच गोल केला, हे नाही.

खिडकी

दगडाचा विषय निघालाय तर हेरफर्डशरमधलं किलपेक सोडू नका. ११४० च्या सुमाराचं लहानसं नॉर्मन चर्च, लाल वालुकाश्म. छपराखाली भिंतभर कोरलेली डोकी, ८५ शिल्लक आहेत. त्यात एक कुत्रा आणि ससा शेजारी-शेजारी, इतके गोड की आत्ताच कुणी काढलेत असं वाटावं. आणि एक निर्लज्ज उघडीनागडी बाई, जिच्या अर्थावरून अभ्यासक अजून भांडतात. कारागिराचं नाव कुठेच नाही. नऊशे वर्षं होत आली.

आबा_सातारकर

नावाशिवायच्या माणसांचं बोलतोय तर ॲशवेल. हर्टफर्डशरमधलं हे गाव. तिथल्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, कुणीतरी टोकदार वस्तूने लॅटिनमध्ये ओरखडून ठेवलं आहे. १३४८-४९ ची काळी प्लेग येऊन गेली होती. तो लिहितो की १३५० साल दीनवाणं, भयंकर होतं, आणि साक्ष द्यायला लोकांतला गाळच तेवढा उरला. मग आणखी एका ओळीत तुफान वाऱ्याची नोंद, संत मॉरसच्या दिवशी, १३६१. आपल्या मोजणीने ती तारीख १५ जानेवारी १३६२. त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं.

मी तिथे गेलो तेव्हा बाहेर ऊन होतं, शाळेची पोरं खेळत होती. अक्षरं हाताच्या उंचीवर आहेत. लिहिणारा माझ्याइतकाच उंच असेल. किती वेळ तिथे उभा होतो ते सांगता येणार नाही. 'गाळ' हा शब्द त्याने स्वतःसकट सगळ्यांसाठी वापरला आहे.

लोणारी

आबा…

टिटवी

काही बोलवत नाही.

पिंपळपान

अवांतर आहे, पण संबंध आहे म्हणून लिहितो. माझं लहानपण पुण्यात गुरुवार पेठेत गेलं. पंचहौद चर्चच्या स्वतंत्र मनोऱ्यात आठ घंटा आहेत. इंग्लिश पद्धतीने दोर ओढून पूर्ण फिरवायच्या, प्रत्येक फेरीत घंटांचा क्रम बदलत जायचा. रविवारी आमच्या वाड्यात त्या ऐकू यायच्या. हे वाजवणं मध्ययुगातलं का?

आबा_सातारकर

घंटा मध्ययुगीन, क्रम बदलत वाजवण्याची कला सतराव्या शतकातली. आणि आपल्या मुंबईतही या धाग्याचं एक टोक आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक, १८५८ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, आतली सजावट विल्यम बटरफील्ड यांची. त्या काळी इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकातलं गावचर्च हाच आदर्श मानणारी मंडळी जोरात होती. म्हणून समुद्राकाठी, दमट हवेत, टोकदार फटींच्या खिडक्या आणि सुमारे ६० मीटरचा कळस. फरशी, जाळी, कमानी नीट बघितल्या तर रानजाईच्या गावची चुलतबहीणच वाटेल.

कातळ

त्याच मंडळींनी इथल्या चर्चेसचं नुकसानही केलं हे लिहायला हवं. मध्ययुगीन गिलावा खरवडून दगड उघडा केला, पुढच्या शतकांतली लाकडी बाकं फेकली, खिडक्या आपल्याला शोभतील अशा 'सुधारल्या'. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती या खरवडण्याच्या विरोधात.

आबा_सातारकर

मान्य. पण त्यांनी छपरं घातली नसती तर कित्येक चर्चेस आज ढिगारे असती. आणि कधी कधी दुरुस्तीनेच दान पदरात टाकलं. ब्लाइदबरोच्या शेजारचं वेनहॅस्टन घे. १८९२ मध्ये दुरुस्तीत चुना फासलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी बघतात तर चुना धुऊन गेलेला आणि खालून अख्खा अंतिम न्यायनिवाडा वर आलेला. ख्रिस्त, आत्मे तोलणारा देवदूत, नरकाचा जबडा. ही रूडच्या मागे लावलेली पाटी, रानजाई, तुझा जिना जिथे जायचा त्या जागेवरची. मधे रिकाम्या आकृती राहिल्यात, तिथे लाकडी रूड बसलेला होता.

टिटवी

पावसाने दाखवलेलं चित्र! धागा वाचनखुणेत.

रानजाई, परत जाशील तेव्हा दोन गोष्टी बघ. दक्षिणेच्या दारापाशी दगडात मधे भोक आणि भोवती रेघा असलेलं लहानसं घड्याळ असेल, प्रार्थनेची वेळ बघायला कोरलेलं. आणि दक्षिणेच्या दारासमोर, उत्तरेच्या भिंतीवर, संत ख्रिस्तोफर. खांद्यावर बाळ येशू घेऊन नदी ओलांडणारा. त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही असं मानत, म्हणून दारातूनच दिसेल असा काढायचे.

रानजाई

मंडळी, काल जाऊन आलो. बॅटरी घेऊन.

मनोऱ्यावर आबांची उलट्या व्हीची रेघ आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना, अधांतरी दाराच्या पातळीवर, दगडात चौकोनी खाचा आहेत, नंतर भरलेल्या. सज्ज्याची तुळई तिथे बसत असणार. लेकाने जिना मोजला: अकरा पायऱ्या. सगळ्या मधे नाही, बाहेरच्या अंगाला झिजल्यात. मी त्याला वरच्या दाराच्या अलीकडेच थांबवलं. तिथून तो ओरडला, "आई, इथून सगळे दिसतात!" खाली मी आणि फुलंवाल्या आजी, दोघीच होतो.

घड्याळ सापडलं. ख्रिस्तोफर सापडला नाही असं वाटून निघालो होतो. आजी म्हणाल्या, थांबा, आणि त्यांनी बॅटरी भिंतीला घासून तिरकी धरली. गुडघ्याएवढ्या उंचीवर गेरूच्या पुसट रेघा. माणूस नाहीच, चेहरा नाही, बाळ नाही. लेकाने मात्र ओळखलं. दोन मोठी पावलं, आणि त्यांच्याभोवती पाण्यात तीन मासे.

कातळ

तिरका प्रकाश! आजींना माझा नमस्कार सांगा. चॅन्सेलच्या कमानीच्या उजव्या हाताला भिंतीत तिरकं आरपार भोक आहे का, तेही एकदा बघा.

रानजाई

आहे! लेक त्यातून डोकावत होता. ते कशासाठी?

कातळ

त्यातून डोकावल्यावर त्याला काय दिसलं, ते आधी त्यालाच विचारा.

रानजाई

विचारलं. "मोठी वेदी," म्हणाला.